मोशन, पॉल

(२५ मार्च १९३१–२२ नोव्हेंबर २०११). अमेरिकन जॅझ ड्रमवादक, रचनाकार व लघुवृंदनायक. संपूर्ण नाव स्टीफन पॉल मोशन. ठोक्यांची नियमित वाटणी सोडूनही लयीचे भान ढळू न देणारा वादक अशी त्याची ख्याती आहे. आयुष्याच्या पूर्वार्धात त्याने इतरांच्या वृंदांत साथ केली. वयाची एक्केचाळीस वर्षे उलटल्यावर स्वतःच्या नावाने पहिले ध्वनिमुद्रण केले आणि त्यानंतरच्या सु. चार दशकांत तो मुख्यतः नायक म्हणून ओळखला गेला. साथ करणे हीच ज्याची परंपरागत भूमिका, त्या तालवादकाने वृंदाचे नेतृत्व करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्या वादनातून जितक्या स्पष्टपणे पुढे येतो, तितका तो अन्य वादकांच्या बाबतीत क्वचितच येतो. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षानंतर जो लोव्हॅनो (टेनर सॅक्सोफोन) व बिल फ्रिसेल (गिटार) यांच्यासह त्याने केलेली आय हॅव द रूम अबव्ह हर (ध्वनिमुद्रण २००४, प्रकाशन २००५) ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

मोशनचा जन्म फिलाडेल्फिया येथे आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. त्याचे बालपण ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरी गेले. प्रथम तो गिटार शिकू लागला, परंतु बाराव्या वर्षाच्या सुमारास ड्रमकडे वळला. कोरियन युद्धाच्या काळात त्याने नौदलात नोकरी केली आणि १९५० नंतरच्या दशकात तो न्यूयॉर्क येथे स्थायिक झाला. थेलोनियस मंक, कोलमन हॉकिन्स, लेनी ट्रिस्टानो, टोनी स्कॉट अशा परस्परभिन्न प्रकृतीच्या कलावंतांबरोबर त्याने साथ केली. १९५९ ते १९६४ या काळात तो पियानोवादक बिल एव्हान्स (१९२९–८०) याच्या त्रिकुटात होता. त्यानंतर पॉल ब्ले व विशेषतः कीथ जॅरेट या पियानोवादकांशी त्याचे सूर जुळले. जॅरेटच्या वृंदात तो १९७६ पर्यंत होता. डबल बेसवादक चार्ली हेडन याच्या ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’च्या १९६९ मधील ध्वनिमुद्रणातही त्याचा सहभाग होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉक येथील प्रचंड संगीतमेळाव्यात लोकगायक आर्लो गथ्री याच्या साथीला जो ड्रमवादक बसला होता, तो मोशनच होय. त्याच्या पुढील वादनाशी परिचय असलेल्या रसिकाला ही नोंद काहीशी गमतीची वाटते.

तालवादकाने वृंद चालविणे ही जॅझमध्ये नवी गोष्ट नव्हे. १९३० नंतरच्या दशकात हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहात चिक वेब याच्या वृंदाने मोठे नाव मिळविले. जीन क्रूपा आणि बडी रिच यांनी ड्रमवादकाला रंगमंचाच्या अग्रभागी आणून बसविले. आर्ट ब्लेकी (१९१९–९०) याने ‘जॅझ मेसेंजर्स’ हा वृंद तीन दशकांहून अधिक काळ चालविला. तो तरुण वादकांची एक पाठशाळाच बनला होता. मॅक्स रोच (१९२४–२००७) याने ड्रम्स अनलिमिटेड (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत केवळ ड्रमवर वाजवावयाच्या तीन स्वतंत्र रचना सादर केल्या आणि हे वाद्य स्वयंपूर्ण विधान करू शकते, हे सिद्ध केले. नेतृत्वाचे हे नमुने एकमेकांहून भिन्न आहेत. तथापि त्या सर्वांत एक समान गृहीत आढळते. नायक असलेला ड्रमवादक एक तर वृंदाला मागून रेटतो, किंवा इतरांना थांबवून स्वतः पुढे येतो. ब्लेकीचा झंझावाती ‘रोल’ सुरू झाला, की एकलवादकाला पुढच्या आवर्तनात उडी घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रिचच्या बाबतीत तर वेग हेच व्यक्तिमत्त्व होते. तबलावादक अल्लारखाँ यांच्याबरोबरच्या रिच आ ला राखा (१९६८) या त्याच्या ध्वनिमुद्रिकेकडे भारतीय श्रोता मोठ्या कुतूहलाने वळतो. परंतु दोन तालपरंपरांच्या भेटीपेक्षा दोन तयार हातांच्या भेटीचाच प्रत्यय तिच्यात अधिक येतो. मोशनच्या नेतृत्वात वृंदाला रेटणेही नाही आणि स्वतः पुढे येणेही नाही. त्यामुळे त्याची ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकणाऱ्याला, यातला नायक कोणता, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न पडणे हा श्रोत्याचा दोष नव्हे.

मोशनने काय सोडले हे कळण्यासाठी त्याला वारशाने काय मिळाले होते, ते पाहणे आवश्यक आहे. जुन्या जॅझमध्ये ड्रमवादक पायाने वाजवावयाच्या मोठ्या ढोलावर, म्हणजे बेस ड्रमवर, प्रत्येक मात्रा स्पष्ट दाखवीत असे. सु. १९४० मध्ये केनी क्लार्क (१९१४–८५) या वादकाने हे काम उजव्या हाताखालच्या मोठ्या झांजेकडे सोपविले आणि बेस ड्रम अनपेक्षित आघातांसाठी मोकळा केला. बेबॉप या शैलीची तालरचना या बदलावर उभी राहिली. झांजेवरील अखंड झुळझुळ, डबल बेसच्या मात्रेगणिक चालणाऱ्या तारा आणि पायाने मिटणाऱ्या जोडझांजांचा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरील खटका, या तीन गोष्टींनी मिळून जॅझचा जणू ठेका सिद्ध होतो. तबल्याच्या ठेक्याप्रमाणे त्याचे बोल ठरलेले नसतात, पण कार्य बरेचसे तेच असते : एकलवादकाला आपण कोठे आहोत याची चिंता करावी लागू नये. मोशन क्लार्कला फार मानत असे. सरळ, डौलदार झांजेचा ठेका तो उत्तम वाजवू शकत असे आणि हे त्याच्या टीकाकारांनी नेहमी ध्यानात ठेवले आहे असे नाही. ज्याला ठेका येत नाही त्याचे ठेका सोडणे आणि ज्याच्या हाडीमाशी तो भिनला आहे त्याचे ठेका सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या त्यागाचा आरंभ एव्हान्सच्या त्रिकुटात झाला. एव्हान्स, डबल बेसवादक स्कॉट लाफारो (१९३६–६१) आणि मोशन यांनी २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील क्लबमध्ये केलेले वादन संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड आणि वॉल्ट्झ फॉर डेबी या ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने प्रसिद्ध आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी लाफारो मोटार अपघातात मरण पावला. या वादनाची चर्चा बहुधा लाफारोच्या संदर्भात होते. त्याने डबल बेसला मात्रा मोजण्याच्या चाकरीतून सोडवून पियानोशी संवाद करावयास लावले, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु ज्या त्रिकुटातील बेसवादक मात्रा मोजण्याचे सोडून देतो, तेथे ती जबाबदारी ड्रमवादकावर दुप्पट वेगाने येऊन पडावयास हवी होती. मोशनने ती तशी पडू दिली नाही. तारांच्या कुंचल्यांनी ड्रमच्या कातड्यावर तो लयीची केवळ चाहूल ठेवतो. मध्येच एखादा खटका टाळतो, मध्येच दोन मात्रांच्या सांध्यावर झांजेला निसटता स्पर्श करतो. तरीही तिघांपैकी कोणाचेही पाऊल चुकत नाही. लय ही एकाने पुरवावयाची वस्तू नसून तिघांनी मिळून मनात धरावयाची गोष्ट आहे, या विचाराचे ते पहिले ठळक रूप होय. लाफारोच्या स्वातंत्र्याचे श्रेय मोजताना मोशनच्या या संयमाचा वाटा आजवर कमीच धरला गेला आहे. एव्हान्सचे वादन पुढे अधिकाधिक हळुवार होत गेले, तेव्हा आपल्याला काही करण्यासारखे उरले नाही असे वाटून मोशनने १९६४ मध्ये ते त्रिकूट सोडले. शांततेचा हा उपासक अति-शांततेला कंटाळून बाहेर पडला, ही गोष्ट त्याच्या उत्तरकालीन वादनाचा विचार करताना विसरता येत नाही.

जर्मनीतील म्यूनिक येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईसीएम’ या संस्थेचा निर्माता मानफ्रेड आयशर याच्या प्रोत्साहनाने मोशनने कन्सेप्शन व्हेसल (१९७३) ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केली. तीत जॅरेट व हेडन यांचा सहभाग आहे. याच सुमारास तो पियानोवर बसून रचना करू लागला. त्याच्या धुना आखूड असतात. पुष्कळदा एकच स्वरावली पुन्हापुन्हा, थोड्या फरकाने येते. पियानो हे त्याचे वाद्य नसल्याने त्याच्या रचनांत बोटांच्या सवयीने येणारा फापटपसारा नाही. त्यांतील काहींना लोकगीताचा घाट आहे. त्यावरून अनेक समीक्षकांनी आर्मेनियन संगीताचा वारसा शोधला आहे. घराण्याचे मूळ ठाऊक झाल्यावर असे शोध सोपे जातात. मंकच्या तुटक, कोनेदार स्वररचनेचा संस्कार मात्र त्यांत निःसंशय दिसतो. ट्रिब्यूट (१९७४), डान्स (१९७७) व ल व्हॉयाज (१९७९) या त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांत रचनाकार पक्व होत गेलेला दिसतो. त्याला हवा असलेला वृंद मात्र अद्याप सापडलेला नव्हता.

तो १९८० नंतर सापडला. साम (१९८२) या ध्वनिमुद्रिकेतील पंचकात फ्रिसेल (जन्म १९५१) आणि लोव्हॅनो (जन्म १९५२) हे दोघेही होते; दोघेही मोशनहून वीस वर्षांनी लहान. पंचकातून बेस व दुसरा सॅक्सोफोन वगळून १९८४ मध्ये त्रिकूट तयार झाले आणि इट शुडव्ह हॅपन्ड अ लाँग टाइम अगो (१९८५) ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. डबल बेस वगळण्याचा हा निर्णय मोशनच्या नेतृत्वातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल. जॅझच्या लघुवृंदात बेस हा पाया असतो : तो मात्राही दाखवितो आणि स्वरमेळाचा मूळ स्वरही. तो काढून घेतला, की दोन्ही आधार एकाच वेळी जातात. गिटारवादकाला खालचा स्वर, मधला स्वरमेळ आणि वरची स्वरावली या तिन्हींची चिंता वाहावी लागते; सॅक्सोफोनवादकाला श्वासाच्या लांबीवरून वाक्य तोलावे लागते; आणि ड्रमवादकाला ज्याच्याशी जुळवून घ्यावयाचे असा कोणी शिल्लकच राहत नाही. मोशनने आपल्या साथीदारांना सूचना देण्याऐवजी अशी परिस्थिती निर्माण करून दिली, की त्यांना एकमेकांचे ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. वृंदनायकाचे काम बहुतांशी वादनाला बसण्यापूर्वीच कसे उरकलेले असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुढील दोन दशकांत या त्रिकुटाने पुष्कळ ध्वनिमुद्रण केले. मंक इन मोशन (१९८८) या ध्वनिमुद्रिकेच्या नावात नायकाच्या आडनावावरील श्लेष आहे. ऑन ब्रॉडवे या मालेत चार्ली हेडन व पुढे ली कोनिट्झ यांना सोबत घेऊन जुन्या रंगभूमीवरील गीतांचा नव्याने विचार केला आहे, तर बिल एव्हान्स (१९९०) ही ध्वनिमुद्रिका जुन्या सहकाऱ्याला वाहिलेली आहे. तीत मार्क जॉन्सन हा बेसवादक असूनही पियानो मात्र मुद्दामच नाही. त्याच व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये हे त्रिकूट वर्षानुवर्षे वाजवीत राहिले. ‘ईसीएम’साठी मात्र त्याचे दुसरे ध्वनिमुद्रण होण्यास वीस वर्षे लागली, एप्रिल २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲव्हटार स्टुडिओत झालेले ते ध्वनिमुद्रण म्हणजेच आय हॅव द रूम अबव्ह हर.

या ध्वनिमुद्रिकेत बारा रचना आहेत. त्यांपैकी दहा मोशनच्या. उरलेल्या दोहोंपैकी शीर्षकगीत जेरोम कर्न व ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे, तर अखेरची ‘ड्रीमलँड’ मंकची. शीर्षकगीत शो बोट या संगीतिकेच्या १९३६ मधील चित्रपट-आवृत्तीसाठी मुद्दाम लिहिले गेले होते. प्रेयसीच्या खोलीच्या वरची खोली आपल्याला मिळाली, एवढ्यावरच खूष असलेल्या प्रियकराचे ते मनोगत आहे : तो जवळ आहे, पण समोर नाही. गीताची निवड करताना मोशनच्या मनात काय होते, हे शोधण्याचे कारण नाही. परंतु या वादनातील तिघांचे परस्परांशी असलेले नाते याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही. लोव्हॅनो धून जवळजवळ अलंकाराविना, एखादा गायक म्हणेल तशी म्हणतो. त्याच्या सॅक्सोफोनचा आवाज भरदार आहे, पण तो येथे आवंढा गिळल्यासारखा दबलेला राहतो. फ्रिसेल त्याच्या मागे नसतो व पुढेही नसतो. एखादा स्वर तो लांबवितो, इलेक्ट्रॉनिक साधनाने त्याचा पडसाद मागे रेंगाळू देतो आणि पुढचा स्वरमेळ येतो तेव्हा आधीचा अजून पुरता विरलेला नसतो. मोशन बराच वेळ काही करीत नाही असेच वाटते. मग झांजेवर एक विरळ ठोका पडतो. त्याचा नाद ओसरत असतानाच दुसरा, अपेक्षेहून किंचित उशिरा. हा उशीर आळसाचा नव्हे. पहिला ठोका किती वेळ जगला, हे ऐकून दुसरा दिला गेला आहे.

भारतीय संगीताच्या परिभाषेत बोलावयाचे, तर येथे ताल नाही पण लय आहे. ही अवस्था आपल्या श्रोत्याला अपरिचित नाही. आलापात ती नित्य अनुभवास येते. धृपदगायक विस्ताराने आलाप करीत असतो तेव्हा पखवाजवादक मांडीवर हात ठेवून थांबलेला असतो, कारण त्याने थाप दिली की ताल सुरू झाला. मोशन हा जणू आलाप चालू असतानाच पखवाजावर हात ठेवणारा, पण ताल सुरू न करणारा वादक होय. ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे, हेही नमूद केले पाहिजे. कर्नच्या गीताला ठरलेला आराखडा आहे, त्याचे स्वरमेळ ठराविक क्रमाने येतात आणि आपण त्या आराखड्यात नेमके कोठे आहोत, हे तिघांनाही पूर्ण ठाऊक आहे. आलापातील स्वातंत्र्य आवर्तन नसल्यामुळे येते. येथील स्वातंत्र्य आवर्तन असूनही ते न दाखविल्यामुळे येते. सम आहे, पण तिच्यावर कोणी बोट ठेवीत नाही. श्रोत्याने ती आपल्या मनाशी धरावयाची असते आणि ती हातून निसटली तरी वादन त्याला टाकून पुढे जात नाही.

मोशनच्या स्वतःच्या रचनांत ‘ऑस्मोसिस’च्या क्रमांकाने दिलेल्या दोन भागांपैकी तिसरा आरंभी आणि पहिला मध्यावर ठेवला आहे, क्रमाची ही उलटापालट त्याच्या मिस्किल वृत्तीला धरून आहे. ‘डान्स’ ही १९७७ च्या त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेतील जुनी रचना येथे पुन्हा येते आणि तीत तालवादक खऱ्या अर्थाने दिसू लागतो. येथील ठोके घरंगळत जाणाऱ्या दगडांसारखे आहेत. कोणता कोठे आपटेल हे सांगता येत नाही, पण उतार एकच आहे. कातड्यांचे नाद खोल व सैल आहेत, बेस ड्रमचा आघात तर क्वचितच येतो आणि येतो तेव्हा दचकवितो. तरीही या उसळीला एकलवादन म्हणता येत नाही. मोशन येथेही दोघांच्या वाक्यांमध्येच बोलतो. त्यांना गप्प करून बोलत नाही. बहुतेक रचनांत धून प्रथम सॅक्सोफोन व गिटार मिळून वाजवितात, पण तंतोतंत एकत्र नव्हे. एक जण केसभर पुढे, दुसरा केसभर मागे. सामुदायिक प्रार्थनेत म्हणणाऱ्यांचे आवाज जसे किंचित मागेपुढे होतात आणि त्यामुळेच ती कवायत वाटत नाही, तसे हे आहे. नायक मात्रा दाखवीत असता, तर हा सूक्ष्म विलगपणा चूक ठरला असता. तो येथे शैली ठरतो, ते मोशनच्या मौनामुळे.

या ध्वनिमुद्रिकेवर घेतले जाऊ शकणारे आक्षेप मात्र गैरलागू नाहीत. पहिला असा, की विलंबित आणि मुक्त लयीच्या रचना एकामागून एक येत असल्याने मध्यंतरी त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. ‘शॅडोज’ कोठे संपली व शीर्षकगीत कोठे सुरू झाले, हे पहिल्या श्रवणात ध्यानी येईलच असे नाही. काही रचना इतक्या लवकर आवरल्या आहेत, की त्या रचना न वाटता टिपणे वाटतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘ईसीएम’च्या ध्वनिमुद्रणाची एक ठरीव तऱ्हा आहे : आवाजाभोवती विस्तीर्ण, स्वच्छ पोकळी आणि लांबत जाणारा निनाद. अशा पोकळीत झांजेवर पडलेला कोणताही ठोका अर्थपूर्ण वाटू लागतो. मग मोशनच्या विरळ वादनाचे गांभीर्य कितपत त्याचे आणि कितपत दालनाचे, अशी शंका उत्पन्न होते. ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड (१९९५) या ध्वनिमुद्रिकेशी तुलना केल्यास या शंकेचे बऱ्याच अंशी निरसन होते. तेथे आवाज कोरडा आणि जवळचा आहे, श्रोत्यांची उपस्थिती जाणवते. तरीही ठोक्याठोक्यांतील अंतरांचा तोल तोच आहे. दालनाने मोशनला भारदस्त केले असेल, घडविले नाही. उलट त्याच्या वादनातील खडबडीतपणा, विनोद आणि क्वचित डोकावणारा आडदांडपणा या स्वच्छ ध्वनीत थोडा हरवला आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. मोशन हा मुळात हळुवार वादक नव्हता; हळुवारपणाची सक्ती झाली तेव्हा त्याने एव्हान्सला सोडले होते.

तिसरा मुद्दा वयाचा. त्र्याहत्तर वर्षांचा ड्रमवादक कमी ठोके देत असेल, तर त्यात कलादृष्टीपेक्षा शरीराची मर्यादा अधिक असावी, असा तर्क सहज होतो; तालवाद्य हे मेहनतीचे वाद्य आहे. परंतु त्रिकुटाच्या १९८४ मधील ध्वनिमुद्रणाशी २००४ मधील ध्वनिमुद्रण ताडून पाहिले, म्हणजे हा तर्क टिकत नाही. मोशनची विरळ मांडणी तेव्हाही होती. तिची बीजे तर १९६१ मध्येच दिसतात. वीस वर्षांत बदल झाला तो मुख्यतः त्याच्या तरुण साथीदारांत. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत फ्रिसेल गिटार-सिंथेसायझरच्या रंगांनी जागा भरून टाकीत होता आणि ‘फियास्को’सारख्या रचनेत तिघेही गोंगाटाच्या काठापर्यंत जात होते. २००४ मध्ये फ्रिसेलने निम्मे रंग बाजूस ठेवले आहेत आणि लोव्हॅनो प्रत्येक वाक्य संपविण्याची घाई करीत नाही. दोघेही दरम्यान स्वतंत्र वृंदांचे नायक म्हणून नामवंत झाले होते. तरी या त्रिकुटात परतल्यावर ते मोशनप्रमाणे ऐकू लागतात. वृद्ध नायकाने तरुणांसारखे वाजविण्याचा आटापिटा करावा, हे दृश्य जॅझमध्ये अनेकदा दिसले आहे. येथे त्याच्या उलट घडले आहे.

मोशनच्या नेतृत्वाचे दुसरे अंग ‘इलेक्ट्रिक बेबॉप बँड’ या वृंदात आढळते. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्याने तो उभारला. दोन किंवा अधिक विद्युत् गिटारींवर जुन्या बेबॉप रचना वाजवावयाच्या, अशी त्याची कल्पना होती आणि त्यात तो बहुधा विशी-तिशीतल्या वादकांना घेई. कर्ट रोझेनविंकेल, जोशुआ रेडमन, क्रिस चीक इ. वादक त्यातून पुढे आले. या वृंदात मोशन झांजेचा सरळ ठेका पुष्कळ वाजवितो आणि मोठ्या आनंदाने वाजवितो. याच धर्तीच्या, तीन गिटारवादकांचा समावेश असलेल्या वृंदाचे गार्डन ऑफ ईडन (२००६) हे ध्वनिमुद्रण त्रिकुटाच्या ध्वनिमुद्रणानंतर काही महिन्यांतच झाले. ही दोन्ही एकाच वर्षातील आहेत, यावर सहसा विश्वास बसत नाही.

अखेरच्या वर्षांत मोशनने दौरे बंद केले आणि तो न्यूयॉर्कमध्येच वाजवीत राहिला. त्रिकुटाची टाइम अँड टाइम अगेन (२००७) ही ध्वनिमुद्रिका आधीच्या ध्वनिमुद्रिकेच्याच वळणाची असून तीत रिचर्ड रॉजर्सचे एक गीत व मंकची ‘लाइट ब्लू’ यांचा समावेश आहे. रचनांची निवड चांगली असली, तरी नवलाईचा भाग कमी झालेला जाणवतो. क्रिस पॉटर (सॅक्सोफोन) व जेसन मोरान (पियानो) या दोघांना घेऊन व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये २००९ साली प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे केलेली लॉस्ट इन अ ड्रीम (२०१०) ही अधिक जिवंत आहे. येथेही बेस नाही, आणि पियानोचा डावा हात बेसची जागा घेऊ पाहतो तेव्हा मोशन ठोका अशा ठिकाणी ठेवतो, की मोरानला तो हात उचलावा लागतो. मोशन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. न्यूयॉर्क येथे तो निधन पावला.